तुंगाबाईचा मुरवलेला चिखल

"सिमेंट घातलेला चिखल कुणी रातभर मुरवत ठेवतं का गं अक्का?" शेजारची पद्मावती कुंपणावरून ओरडली, तेव्हा तुंगाबाई खड्ड्याच्या काठावर फावडं धरून उभी होती. फावडं चिखलात शिरत नव्हतं. रात्रीत सगळा गारा दगड होऊन बसला होता.

"आई सांगायची, मुरल्याबिगर चिखल भिंतीला धरत न्हाई."

"तुझ्या आईच्या चिखलात सिमेंट हुतं का?"

तुंगाबाईने फावडं पुन्हा गाऱ्यावर आपटलं. रडू यावं, निदान पद्मावतीचा राग यावा, तर तेही नाही. नवरा गेल्यापासून बाई अशीच झाली होती. हातावर गरम पाणी सांडलं तरी नंतर फोड बघून कळायचं.

कानडी मुलखातल्या येलहंक्याच्या तळ्याकाठची ती चिकण माती मोठी खोडीची. पाणी पिऊन फुगायची, ऊन लागलं की आखडून तडकायची. घराची मागची भिंत तिनेच खाल्ली. नवऱ्याचं, ज्योतिबाचं, तिथल्याच शिवाजीनगरात टायर रिमोल्डचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं, दुकान होतं. टायर घासताना पडणारी रबराची भुकटी त्याने सिमेंट-मातीत कालवून न्हाणीची जमीन केली होती, ती कधी तडकली नाही. म्हणून त्याच्या मागे उरलेली भुकटीची पोती तुंगाबाईने भिंतीसाठी कालच रिकामी केली. आता चिखलही गेला, भुकटीही गेली. आणि मुलगा, अनिलकुमार, आजच यायचा होता. भिंत उभी दिसली नाही तर आईला आपल्या इंदिरानगरच्या खोलीत न्यायचं, असं तो बजावून गेला होता. तिसऱ्या मजल्यावर, जिथे पायाला माती लागत नाही.

तो आला, खड्डा बघितला. "झालं? आता गाठोडं बांध."

"सरी, बांधते," तुंगाबाई म्हणाली आणि आत जाऊन खरंच बांधू लागली.

आतली ढेप फोडून खड्डा बुजवावा म्हणून अनिलने पहार घेतली. बराच वेळ धपधप ऐकू येत राहिलं. मग तो घामाने निथळत दारात आला.

"आई, हे फुटत न्हाई. पहार मारली की दबतंय नुसतं. चीर पडती, पण फुडं सरकतच न्हाई."

"रबर हाय आत."

तो परत गेला आणि त्या ढेपेवरच बसला. तुंगाबाई त्याच्यामागे बाहेर आली. "अशी भिंत झाली तर तडकायची न्हाई. आप्पांचं दुकान घेतलेला बसवंत टायर घासतो का अजून?"

"घासतो की. भुकटी गटारीत टाकतो."

"उद्या आणतो पोती. पण मुरवायचं न्हाई हां!"

"न्हाई. तू कालव, मी मागोमाग थापते."

"आणि मी राखण करते," कुंपणावरून पद्मावती म्हणाली, "न्हाईतर ही परत चिखलाला निजवील!"

अनिल हसला. तुंगाबाईला हसू आलं नाही. आनंद व्हायला हवा होता, तोही झाला नाही. पण ज्योतिबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला भूक लागली.

"स्वल्प थांब रे, भात टाकते," ती म्हणाली, आणि आत जाऊन, बांधलेलं गाठोडं सोडून तिने पातेलं बाहेर काढलं.