बटण रोदानेच दाबलं

केरिचोच्या चहा कारखान्यात रोदा चेलांगात नावाची बाई पानं चिरडायच्या यंत्रावर होती. तापकिगेन तिची जोडीदारीण. त्या दुपारी तापकिगेन यंत्रात वाकून अडकलेली पानं काढत होती. हात आत जाऊ नये म्हणून लावलेली पुढची जाळी दोन महिन्यांपूर्वीच काढून टाकलेली. मुकादम सोई दारातूनच ओरडला, "किती वेळ? दाब बटण!" रोदाने दाबलं.

तापकिगेन दवाखान्यात पोचण्याआधीच गेली.

आठ दिवसांनी रोदाला परत त्याच यंत्रावर उभं केलं. तिने बटणाला हात लावला नाही. हुकूम मोडला म्हणून तिला काढलं. मग तिने युनियनच्या मदतीने कामगार न्यायालयात दावा लावला.

सव्वा वर्षाने सुनावणी लागली. सोईने शपथेवर सांगितलं, "मी काहीच म्हणालो नाही."

कंपनीचा वकील रोदाकडे वळला. "बाई, भूत दिसतं म्हणून काम नाकारलंत?"

मागे कुणीतरी हसलं.

"दिसत नाही, साहेब. ऐकू येतं. बटणाकडे बोट नेलं की ती म्हणते, थांब गं, हात काढते."

"म्हणजे बटण तुम्हीच दाबलंत?"

युनियनचा वकील मान हलवून 'नको' म्हणत होता.

"मीच. सोईसाहेब म्हणाले दाब, मी दाबलं. 'ताई, निघालीस का?' एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं."

सोई आपल्या बुटांकडे बघत होता.

सात महिन्यांनी निकाल लागला. जाळी नसलेल्या यंत्रावर काम नाकारणं हा गुन्हा नाही, असं न्यायाधीशबाईंनी लिहिलं. रोदाला चहा निवडायच्या खात्यात परत घ्यायचा हुकूम झाला. युनियनवाल्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या. तिला मात्र रडूही येईना.

फाटकाबाहेर सोई उभा होता. निम्म्याने वाळलेला.

"रोदा, तुला अजून ऐकू येतं?"

"येतं."

"मला घरी येतं. बायको कोठीचं दार लावते ना, तेव्हा. यंत्रासारखंच खडखडतं ते."

त्याला शिव्या घालायच्या म्हणून तिने दोन वर्षं शब्द जपले होते. एकही तोंडात येईना.

"तापकिगेनच्या आईकडे गेलात?"

"कुठल्या तोंडाने जाऊ? काय सांगू?"

"दाब कोण म्हणालं, ते सांगा. मी माझं म्हातारीला सांगून आलेय."

पुढच्या रविवारी तो गेला म्हणतात. म्हातारीने त्याला आत घेतलं नाही. हाकललंही नाही. अंधार पडेस्तोवर तो अंगणात बसून होता.