दोन्ही

प्रयोगशाळेतल्या पाणी सोडायच्या काचेच्या पाटात तिने खांब म्हणून लावलेल्या पहिल्या नळीमागे चार बोटं अंतरावर दुसरी नळी लटकवली, तेवढ्यात साहेब अहवाल घेऊन जिना उतरले.

“तुझी सही राहिलीय. नदीवर बोटींचा धक्का बांधणारे वर थांबलेत.”

“‘दोन्ही खांब तपासले, स्थिर आहेत.’ हे खोटं आहे, साहेब.”

“हा तपासला, तो तपासला. झाले ना दोन्ही?”

“वेगवेगळे तपासले. नदीत ते एकामागे एक उभे राहणार.”

शब्दाचा कीस काढायची तिची खोड सगळ्यांना ठाऊक होती. पाठीमागे तिला ‘किसणी’ म्हणत, आणि साहेब तोंडावरही म्हणत.

“किसणी, पुढच्या महिन्यात तुझ्या नोकरीची मुदत संपतेय. आठवतंय ना?”

आठवत होतं. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. त्या धक्क्यावर तिची थोरली बहीण तिकिटं द्यायला बसणार होती. तिने पाण्याची चावी पूर्ण उघडली.

पुढची नळी ढिम्म हलली नाही. तिला वळसा घालून आलेलं पाणी गिरक्या घेत मागच्या नळीवर आदळलं. मागची थरथरली, मग डावी-उजवीकडे झोके घेऊ लागली. साहेबांच्या चष्म्यावर शिंतोडे उडाले.

“मागची सैल बसवलीयेस तू.”

तिने पुढची नळी उपसून काढली. मागची दोनदा डोलली आणि शहाण्यासारखी उभी राहिली. पुढची परत लावली, तशी मागची पुन्हा झुलायला लागली.

“थांबेल थोड्या वेळाने,” साहेब म्हणाले.

“थांबेल की. पाणी थांबलं की थांबेल.”

तिने अहवाल ओढून घेतला, ‘दोन्ही’वर काट मारली, वर ‘एकेक’ लिहिलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली. मग जिन्याकडे तोंड करून हाक दिली, “अहो, जरा खाली या! तुमचे खांब बघून जा!”

“अगं, वेड लागलंय का तुला? चावी बंद कर!”

तिने हाताची घडी घातली. जिन्यावर बूट वाजले. साहेबांनी घाईघाईने बाही न दुमडताच हात पाण्यात घातला आणि मागची नळी मुठीत घट्ट धरली.

धक्का बांधणारे पाटाशी येऊन वाकले. “वा! दोन्ही अगदी स्थिर आहेत की.”

साहेबांच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं.

“सोडा ना, साहेब,” किसणी म्हणाली.