खैरुद्दीनच्या बसचा फिल्टर

साहेब, तुम्ही खोटं बोललात. खैरुद्दीनने तेल न बघता बस पळवली आणि इंजिन जाळलं, असं कागदावर लिहून तुम्ही खाली सही ठोकलीत. आता त्या सहीच्या जोरावर त्याचा व्हिसा कॅन्सल करून त्याला शनिवारच्या विमानात बसवणार आहात. पासपोर्ट तर तुमच्याच कपाटात आहे. म्हणून गॅरेजात काय झालं ते मी सांगतो. तुमच्या फोरमनने अर्धंच सांगितलं असणार.

सोमवारी सकाळी रिकव्हरीवाल्याने तुमची बंद पडलेली तीस सीटची बस ओढत रास अल खोरला आमच्या गॅरेजात आणून टाकली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिचं सगळं काम माझ्याकडे होतं. मग तुम्ही सर्व्हिस स्वतःच्या यार्डात नेलीत आणि संजयला फोरमन केलंत. हा संजय त्याआधी माझ्याच बाजूला उभा राहून पाने फिरवायचा. त्या दिवशी तो बसबरोबर आला आणि जागचा हललाच नाही. फोरमनला एवढा वेळ कधीपासून मिळायला लागला? मला तिथेच खटकलं.

खैरुद्दीन दापोलीकडचा. कोपऱ्यात टायरवर मान खाली घालून बसला होता. मी विचारलं, तेल बघत होतास का?

"बापूभाई, रोज सकाळी काडी काढून बघायचो. कमी झालं की टाकायचो. पण बदलायचं काम यार्डाचं, त्याला मी हात कसा लावू?"

संजय हसला. म्हणाला, सगळे ड्रायव्हर असंच बोलतात.

मी खालचा बोल्ट सोडला. तेल होतं, साहेब. चांगलं पुरेसं होतं. पण काकवीसारखं घट्ट आणि काळंकुट्ट, धार धरेना. संजयने बरोबर आणलेल्या तुमच्या सर्व्हिस बुकात एक लाख सदतीस हजार किलोमीटरला शिक्का आहे, तेल आणि फिल्टर दोन्ही बदलल्याचा. बस बंद पडली एक लाख एकोणचाळीस हजारला. दोन हजार किलोमीटरमध्ये तेलाची काकवी होते?

मग फिल्टर काढायला घेतला. पट्ट्याचा पाना लावला, घसरला. परत लावला, परत घसरला. आतलं रबर भाजून इंजिनाला चिकटलं होतं. एरवी इंजिन थोडं चालवून गरम केलं की सुटतो, पण जाम झालेलं इंजिन चालवणार कसं? तेवढ्यात संजय पेचकस आणि हातोडी घेऊन हजर.

"बापू, आरपार ठोक आणि फिरव. यल्ला, खलास कर."

ही पद्धत मला ठाऊक नाही असं नाही. शंभरदा केलीय. पण त्यात फिल्टरच्या डब्याच्या चिंध्या होतात. आणि कचऱ्यात जायच्या डब्यासाठी फोरमन स्वतः हातोडी उचलून आणतो? मी त्याच्या हातातला पेचकस घेऊन खाली ठेवला, डिझेलचं फडकं घेतलं आणि डबा पुसला. चिकट काळ्या थराखाली पांढरा रंग दिसला. आठचा आकडा. मराठी आठ.

संजयला हे माहीत होतं. तुम्हाला नसेल तर ऐका. मी लावतो त्या प्रत्येक फिल्टरवर किलोमीटर पांढऱ्या रंगाने लिहितो, मराठी आकड्यांत. आमच्याकडे मल्याळी, पठाण, बंगाली सगळे काम करतात. माझं काम कोणतं ते मला ओळखू यावं, एवढ्यासाठी. तुमच्या यार्डात असं कोणी लिहीत नाही.

संजयने तो आठ पाहिला. बाहेर जाऊन मोबाइलवर बोलला आणि परत येऊन म्हणाला, काम थांबव, साहेबांचा हुकूम आहे, बस दुसऱ्या गॅरेजात न्यायची, रिकव्हरी निघालीय. म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. नाहीतर उघडलेलं इंजिन कोण हलवतं?

मी थांबलो नाही. चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी फडक्यांवर ओतून ती डब्याभोवती गुंडाळली. चार वेळा बदलली. मग आकड्यांवर घासू नये असं, वरच्या बाजूला जुन्या ट्यूबचा तुकडा लपेटला, त्यावर फॅनबेल्टचा फास, फासात पाइप. खैरुद्दीन उठला आणि त्याने माझ्या हाताखाली पाइप धरला. दोघांनी जोर लावला. आधी नुसता बेल्ट करकरला. मग डबा बोटभर फिरला. पुढे हाताने सुटला, अख्खा.

पुसला. ८७०००. माझं अक्षर.

संजयने हात पुढे केला. म्हणाला, दे इकडे, कंपनीचा माल आहे. मी दिला नाही. तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला, "व्हिसा तुझाही आहे ना, बापू?"

आहे. पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. ही धमकी त्याची की तुमची, तेही मला कळतं.

फिल्टर माझ्या खोलीत नाही, गॅरेजातही नाही. शोधायला माणसं पाठवू नका. सत्त्याऐंशी हजारनंतर दर पाच हजारांनी तुमच्या बुकात शिक्का आहे. दहा शिक्के. दहा वेळा फिल्टर बदलल्याचं लिहिलंय आणि माझा फिल्टर जागचा हललेला नाही. खैरुद्दीन त्या बुकाला कधी हात लावू शकत नव्हता, ते तुमच्याच खोलीत असायचं.

शनिवारच्या आधी त्याला समोर उभं करा, त्याच्या डोळ्यांत बघा आणि मला उत्तर द्या: ते दहा शिक्के कोणाच्या हुकमाने मारले?