बाधित लोकसंख्या शून्य

लिंबदरा तांड्यावरच्या हातपंपाचा दांडा धम्मरत्ननं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काढून नेला. पंपाला लाल रंग आधीच्या कर्मचाऱ्यानं दोन वर्षांपूर्वीच फासला होता. लाल म्हणजे पिऊ नका. पण तांड्यात दुसरं पाणी नव्हतं, म्हणून एक्केचाळीस घरं तेच पीत होती. मग कुणीतरी पेपरात बातमी दिली, तालुक्याहून फोन आला, आणि मोरगव्हाण उपकेंद्राचा आरोग्य सेवक म्हणून पाना घेऊन जायचं काम धम्मरत्नच्या वाट्याला आलं.

पाणी वाईट होतं, यात शंका नव्हती. त्यानं स्वतः तीनदा तपासलं होतं. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको, तिथं चारच्या वर होतं. तांड्यातल्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी आणि म्हातारी माणसं पुढं वाकलेली. पंप उघडताना बाया लांब उभ्या राहून बघत होत्या. कुणी भांडलं नाही. त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं की हाडं वाचवायची असतील तर गावातल्या विहिरीचं पाणी आणा. गावातली विहीर दीड किलोमीटरवर, मधला नाला उतरून-चढून.

उपकेंद्रात परतल्यावर त्यानं महिन्याचा तक्ता भरला. 'दूषित स्रोत: बंद.' पुढच्या रकान्यात त्या स्रोतावर अवलंबून असलेली लोकसंख्या विचारली होती. स्रोतच बंद, तर अवलंबून कोण? त्यानं शून्य लिहिलं आणि तक्ता पाठवून दिला.

धम्मरत्न कळंबकडचा, चौतीस वर्षांचा. लग्न ठरून मोडलेलं. आई गेल्यापासून गावाकडं जाणं कमी झालं होतं. मोरगव्हाणात बदली झाल्यावर त्यानं खोलीसाठी सहा-सात घरं विचारली होती. लोक बोलायला चांगले. बसा म्हणायचे, चहा द्यायचे. नाव सांगितलं की पुढचं विचारायची गरज पडत नसे. खोली मग भाच्यासाठी ठेवलेली असायची, नाहीतर तिथं सोयाबीनची पोती ठेवायची असायची. शेवटी त्यानं गावाबाहेर रस्त्याकडेला असलेल्या उपकेंद्राच्या मागच्या खोलीतच गादी टाकली. नर्सबाई महागावाहून एसटीनं येत आणि चारच्या गाडीनं परत जात. त्यानंतर सकाळपर्यंत त्याच्याशी बोलायला कुणी नसे. तो भात टाकायचा, मोबाइलवर काहीतरी लावून ठेवायचा आणि जेवताना ते बंद करायचा, कारण जेवताना दुसऱ्यांचे आवाज ऐकले की जास्त एकटं वाटायचं.

एप्रिलमध्ये एका सकाळी तांड्याचे नायक उत्तमसिंग उपकेंद्रात आले. सत्तरीचे, डोक्याला पागोटं, मान वळत नाही म्हणून अख्खं अंग वळवून बघणारे. त्यांनी सांगितलं की बिजलीबाई काल नाल्याच्या उतारावर पडली. डोक्यावर पाण्यानं भरलेली गुंडी होती. मागून येणाऱ्या बायांना दिसेपर्यंत तासभर तिथंच पडून होती. बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणली, मग गाडी आली, आता यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात आहे. खुब्याचं हाड मोडलं.

"तुमाले सांगाले आलो," ते म्हणाले. "भांडाले नाई."

भांडले असते तर बरं झालं असतं, असं धम्मरत्नला वाटलं.

तो रविवारी यवतमाळला गेला. बिजलीबाई साठीची विधवा. मुलगा लखन हैदराबादकडं बांधकामावर, बायको-पोरांसह तिकडंच. ऑपरेशन झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं की अशी हाडं दिसायला भरीव, पण आतून ठिसूळ असतात. वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की असं होतं. म्हणजे हाड पंपानं ठिसूळ केलं आणि दांडा काढल्यानं मोडलं. बसमध्ये परत येताना तो हेच मनात फिरवत राहिला आणि त्यातून त्याला काही सुटलं नाही.

बिजलीबाई मे महिन्यात तांड्यावर परतली. चालणं बंद. शेजारच्या बाया आळीपाळीनं भाकर आणि पाणी देत. धम्मरत्न दर मंगळवारी जाऊ लागला. त्याच्या कामाच्या यादीत ते नव्हतं. पहिल्या दोन मंगळवारी ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या वेळी तिनं त्याला बसायला सांगितलं आणि लखनचं सांगू लागली. लखन आधी दिवाळीला यायचा. मग मोठ्या पोराचे दुधाचे दात पडून नवे आले ते पिवळे-तपकिरी, तर सुनेनं शपथ घातली की लेकरांच्या तोंडाला इथलं पाणी लावायचं नाही. तेव्हापासून चार वर्षं नातवंडं आली नव्हती. सून वाईट नाही, बिजलीबाई म्हणाली, तिच्या जागी मी असती तर मीही तेच केलं असतं. तिची लेक वर्षा नांदेडकडं दिलेली होती. पायांत बाक होता म्हणून दोनदा बघायला येऊन लोक परत गेले होते. शेवटी एका बिजवराला दिली. तीही येत नसे.

"तुले कोन हाय?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं, बहीण आहे, मैत्रेयी, नागपूरला. फोन करते.

"फोन तं लखनबी करते," ती म्हणाली.

जुलैत नव्या नळयोजनेची यादी आली. मोरगव्हाण होतं, पलीकडची दोन गावं होती. लिंबदरा नव्हतं. उत्तमसिंग ग्रामपंचायतीत गेले आणि त्यांनी जाताना धम्मरत्नला सोबत नेलं. सरपंच सदाशिवराव मोकळा माणूस. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या आणि फाइल पुढं ठेवली. तांडा महसुली गाव नाही, मोरगव्हाणची एक वस्ती आहे. मधे जंगल खात्याचा पट्टा आहे, पाइप न्यायचा तर परवानगी लागेल. पंचायतीत तांड्याचा सदस्य एकच. हे सगळं खरं, पण तरीही फ्लोराइडबाधित वस्ती म्हणून जोर लावता आला असता, कारण अशा वस्त्यांना आधी घ्यायचं असतं. त्यानं कागदावर बोट ठेवलं.

"पन इथं पाहा. बाधित लोकसंख्या शून्य. शून्याले कोन पाइप देते, नायक?"

उत्तमसिंगांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अख्खं अंग वळवून धम्मरत्नकडं पाहिलं आणि विचारलं की हे कुणी लिहिलं.

"मी लिहिलं," धम्मरत्न म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला गेला. तिथल्या अधिकाऱ्यांना त्यानं सांगितलं की तक्ता दुरुस्त करायचा आहे. त्यांनी समजावलं की दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नाही. पंप बंद आहे, मग त्याचं पाणी पिणारा माणूस नाही, हे बरोबरच आहे. विहिरीचं पाणी चांगलं आहे. ती लांब आहे, नाला आहे, याला तक्त्यात रकाना नाही. तांडा यादीत यायचा असेल तर दूषित स्रोत वापरात असायला पाहिजे. आणि वापरात असेल, तर तो बंद करणं ही तुमची जबाबदारी. हे सांगून ते स्वतःच थोडे हसले आणि मग हसणं थांबवून दुसऱ्या कागदाकडं वळले.

तीन दिवस धम्मरत्न खोलीतून कामापुरता बाहेर पडला. मैत्रेयीला फोन लावावा असं त्याला दोनदा वाटलं. पण ती काळजी करेल आणि नोकरी सांभाळ म्हणेल, हे त्याला ठाऊक होतं. बोलावं असं माणूस मोरगव्हाणात एकही नव्हतं. चौथ्या दिवशी, मंगळवार नसतानाही, तो बिजलीबाईकडं गेला आणि तिला सगळं सांगितलं. दांडा परत बसवला तर तांडा पुन्हा मोजला जाईल. पण लोक पुन्हा तेच पाणी पितील, लहान लेकरंही, आणि पाइप येईलच याची खात्री नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जहर तं आमी चाळीस साल पेलो, बाबू. तवा कोनी मोजलं नाई. आता मोज."

"अन् लेकरं?"

"लेकरांले बाया विहिरीचंच पाजतीन. मी सांगतो त्याइले. घरात एक गुंडी आनता येते, पाच नाई आनता येत. बाकी धुनं, ढोरं, न्हानं पंपावर होईन. म्हाताऱ्याइनं पेलं तं पेलं. आमचं काय राह्यलं आता?"

ही वाटणी त्यालाही सुचायला हवी होती, मार्चमध्येच. पण मार्चमध्ये त्यानं तांड्यात कुणाला काही विचारलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी त्यानं दांडा सायकलला बांधून नेला आणि सगळ्यांसमोर बसवला. पंपाला नव्यानं लाल रंग दिला. मग सलग तीन दिवस तो घरोघर फिरला. प्रत्येक माणसाचं नाव, वय, दात. हनुवटी छातीला लागते का? खाली वाकून पायाची बोटं धरता येतात का? उकिडवं बसता येतं का? बरीच माणसं वाकायचा प्रयत्न करून मधेच थांबायची आणि ओशाळून हसायची, जणू चूक त्यांचीच. उत्तमसिंगांची हनुवटी चार बोटंही खाली गेली नाही. प्रत्येक घरात चहा झाला. चहा त्याच पाण्याचा होता. त्यानं एकही कप नाकारला नाही, आणि मोरगव्हाणात दोन वर्षांत झाली नसतील एवढी माणसं त्या तीन दिवसांत त्याच्या जवळ बसली.

त्यानं तक्ता लिहिला. 'स्रोत वापरात. पर्यायी स्रोत दीड किलोमीटर, मधे नाला. एक महिला पडून अपंग.' रकाना नव्हता तिथं त्यानं वेगळा कागद जोडला. लोकसंख्या २१७, नावांसकट. सदाशिवरावनंही ठराव केला. तो म्हणाला, आता माझ्या हातात काहीतरी दिलं तुम्ही.

ऑगस्टअखेर नोटीस आली. बंद केलेला दूषित स्रोत कुणाच्या आदेशानं सुरू केला, याचा खुलासा मागितला होता. त्यानं खरं तेच लिहून दिलं. सुनावणीला बसलेले वरिष्ठ डॉक्टर त्याच्याशी नीट बोलले. म्हणाले, तुमचं म्हणणं मला पटतं. पण कागदावर तुम्ही विष सुरू केलं, आणि कागदाला तुमचा हेतू कळत नाही. एक वेतनवाढ थांबली आणि बदली झाली वणी तालुक्यात.

निघायच्या आदल्या दिवशी तो तांड्यावर गेला. बिजलीबाईनं त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. कधी येशील असं तिनं विचारलं नाही. उत्तमसिंग रस्त्यापर्यंत सोबत आले. मोरगव्हाणात निरोप घ्यावा असं घर नव्हतं. नर्सबाईंनी पेढे आणले होते, ते दोघांनी उपकेंद्राच्या पायरीवर बसून खाल्ले.

तांडा पुढच्या यादीत आला. जंगल खात्याच्या परवानगीला सात महिने गेले. पाइप टाकायला पुढचा उन्हाळा लागला. पाणी एक दिवसाआड येतं, कधी तीन दिवसांनी; पण चांगलं येतं. हे त्याला उत्तमसिंगांच्या फोनवरून कळलं. मग त्यांनी फोन बिजलीबाईकडं दिला.

तिनं सांगितलं की लखन येऊन गेला, पोरांना घेऊन. दोन दिवस राहिला. सुनेनं नळाचं पाणी आधी काचेच्या ग्लासात धरून पाहिलं, मग पोरांना दिलं. मोठा नातू आता आठवीत आहे. त्यानं आजीशी काय बोलावं ते त्याला कळलं नाही, आणि तिलाही कळलं नाही. धाकट्यानं विचारलं की ही बाई झोपूनच काहून राहते.

"दोन दिवस घर भरलं होतं," ती म्हणाली. "गेल्यावर लय मोठं वाटून राह्यलं."

तिकडं कुणीतरी तिला पाणी देत होतं, भांड्याचा आवाज आला.

"तू जेवला का?" तिनं विचारलं.

नाही, अजून, तो म्हणाला. ती म्हणाली, मग जेव. फोन ठेवला गेला.

वणीजवळच्या त्या गावात कोळशाचे ट्रक दिवसभर जायचे आणि वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचे. इथं खोली मिळाली होती, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरामागं. घरमालक दिवसभर खोकायचे. दवाखान्यात जा म्हटलं की हात झटकून म्हणायचे, इथं सगळेच खोकतात. धम्मरत्ननं भात टाकला. तो शिजेपर्यंत नव्या गावाचा तक्ता काढून बसला, आणि एकही आकडा न लिहिता तो बाजूला ठेवला. सकाळी पहिल्या घरापासून सुरुवात करायची आणि आधी विचारायचं, असं त्यानं ठरवलं. भिंतीपलीकडं घरमालकांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत तो ऐकत राहिला, मग उठून त्यानं भात खाली उतरवला आणि एकट्यापुरतं ताट वाढून घेतलं.