ब्लॉक नंबर नसलेलं बिऱ्हाड

उल्का बहरीनला आली ती १९९३ च्या डिसेंबरात, पोटात चार महिन्यांचं मूल घेऊन. नवरा, रावजी, विमानतळावर न्यायला आला होता. टॅक्सीत बसल्यावर बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलत राहिला आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "गो, झिंजची भाड्याची खोली अजून रिकामी नाय झाली. मार्चात गावतली."

"मग तवसर रवाचा खंय?"

"लाँचीर."

थट्टा करतोय असं तिला वाटलं. पण टॅक्सी थांबली ती खरोखरच बुसैतीनच्या किनाऱ्यावर, एका छोट्या धक्क्यापाशी. समोर एक जुनी लाकडी लाँच दोरखंडांनी बांधलेली होती. तिचं नाव 'नौरस'. रावजी तिथल्याच बोटींच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करायचा. मालकाने या लाँचचं इंजिन कधीच उतरवून ठेवलं होतं. माणूस राहता असला की लाकूड धड राहतं, असं म्हणून त्याने किल्ली रावजीच्या हातात दिली होती. तोवर रावजी सित्र्याला कंपनीच्या खोलीत चौघांबरोबर राहत होता, आणि तिथे बायकामाणसांना मज्जाव होता.

पहिले दोन दिवस उल्काने आपली बॅगही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिने पदर खोचला आणि केबिन धुऊन काढली. सुकाणूच्या खोलीत तिने देव मांडले, मागच्या बाजूला गॅसची शेगडी लावली आणि दोन डोलकाठ्यांच्या मध्ये कपडे वाळत घालायची दोरी बांधली. थंडी मात्र तिला नवीन होती. सकाळी डेक दवाने ओलाचिंब असायचा, उत्तरेचा वारा फटीफटीतून आत शिरायचा. ती रावजीचा स्वेटर, त्यावर स्वतःची शाल आणि पायात त्याचेच मोजे घालून भाकऱ्या थापायची. धक्क्यावर बगळे एका पायावर उभे राहून तिच्याकडे बघत बसायचे.

शेजारच्या लाँचवर जैनुद्दीनचाचा होते. दापोलीकडचे, साठीला आलेले, जाळी विणण्यात बोटं झिजलेली. तीस वर्षं इथे काढल्यामुळे अरबी त्यांच्या तोंडात कोकणीइतकीच सहज होती. आठवड्याभरात ते तिला 'बेटी' म्हणायला लागले आणि रोज सकाळी एक ताजा मासा फळीवरून आणून द्यायला लागले.

असं सगळं मार्गी लागलेलं असताना कागदांचं घोडं अडलं.

उल्काला हेल्थ सेंटरमध्ये नाव घालायचं होतं. त्यासाठी ओळखपत्र हवं, आणि ओळखपत्राच्या फॉर्मवर तीन चौकोन होते: इमारत, रस्ता, ब्लॉक. ऑफिसातल्या खिडकीमागे बदरिया नावाची तरुण बाई बसली होती. तिला कामापुरती हिंदी यायची. तिने फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

"मकान नंबर?"

"लाँच," रावजी म्हणाला.

"लाँच मालूम. मकान नंबर?"

"मकान मफी, मकान नहीं. लाँच में रहता है."

बदरियाने पेन खाली ठेवलं. "तो ब्लॉक कौन सा?"

"पानी," उल्का पटकन म्हणाली.

बदरियाला हसू आलं, पण तिने फॉर्म परत केला. चौकोन रिकामे ठेवून कार्ड छापता येत नाही, ती काय करणार?

मग महिनाभर रावजी सुट्टी टाकून टाकून फिरला. नगरपालिकेतल्या माणसाने सांगितलं, आम्ही जमिनीवरच्या वस्तूंना नंबर देतो. बंदरावरच्या माणसाने लाँचचा नोंदणी क्रमांक ठळक अक्षरांत लिहून दिला आणि वर हेही सांगितलं, की हा पत्ता नव्हे. मालकाचं पत्र झालं, पत्राचं भाषांतर झालं, भाषांतरावर शिक्का झाला. बदरियाने ते सगळं नीट टाचून घेतलं आणि म्हणाली, "सब अच्छा. मकान नंबर?"

"हिका मकान नंबराशिवाय दुसरा कायच सुचना नाय," रावजी वैतागून म्हणाला. उल्का मात्र प्रत्येक खेपेला बदरियाशी थोडं जास्त बोलत होती. कितवा महिना, काय खावंसं वाटतं, आई कुठे असते, असं बदरिया विचारायची. चौथ्या खेपेला तीच बदरियाला म्हणाली, "आप किसी को भेजो. आँख से देखने दो."

आणि जानेवारीच्या मध्यात खरोखरच एक इन्स्पेक्टर आला. सकाळी अकराची वेळ. रावजी कामावर गेलेला. जैनुद्दीनचाचा डेकवर जाळं दुरुस्त करत बसले होते. इन्स्पेक्टर हसन जाडसर, नीटनेटका माणूस होता. बूट चकचकीत, काखेत फाईल. त्याने धक्का आणि लाँच यांच्यातल्या फळीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि एकेक पाऊल टाकत कसाबसा पलीकडे आला.

"मुख्य दरवाजा कोणत्या रस्त्यावर उघडतो?" त्याने चाचांच्या मार्फत विचारलं.

"सकाळी मुहर्रककडे," उल्का म्हणाली, "भरती आली की जरा मनामाकडे."

चाचांनी ते अरबीत सांगितलं तेव्हा इन्स्पेक्टरचं पेन थांबलं. तेवढ्यात वाऱ्याचा एक जबरदस्त झोत आला. लाँच बाहेर ओढली गेली, दोरखंड करकरले आणि फळी सरळ पाण्यात पडली. वाहत ती खडकांपर्यंत गेली. पाठोपाठ पाऊस आला.

इन्स्पेक्टर कठड्याला धरून म्हणाला, "मी आता जाणार कसा?"

"रावजी जेवायला येईल, तो दुसरी फळी लावेल," चाचा म्हणाले. "यल्ला, आत बसा."

आता तो शेगडीजवळ मोडक्या पेटाऱ्यावर बसला. बूट भिजले होते, ते उल्काने शेगडीपासून हातभर लांब वाळत ठेवले. लाँच डुलत होती आणि त्याचा चेहरा हळूहळू पिवळा पडत होता. उल्काने त्याला आल्याचा चहा करून दिला. ड्यूटीवर असताना काही खात नाही, असं तो म्हणाला. पण ती घावणे घालायला लागली तसा त्याचा नकार मऊ पडत गेला. पहिला घावणा त्याने सभ्यपणे खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी नारळाचा रस त्याने स्वतःच वाढून घेतला. तोंडावर रंग परत आला.

मग त्याने फाईल उघडली. "मला लिहायचं काय, ते तुम्हीच सांगा."

उल्काने शेगडी बारीक केली. "चाचा, त्यांना सांगा. आमच्या गावात रेशनकार्ड काढताना साहेब घर मोजत नाही, चूल मोजतो. एका घरात दोन चुली असल्या तर कार्डं दोन. ही माझी चूल. आणि हा दिवा जिच्यावर लागतो, ती वायर बघा कुठून येते."

चाचांनी सांगितलं. इन्स्पेक्टर उठून गोल खिडकीशी गेला. केबिनमधून निघालेली वायर धक्क्यावरच्या खांबावर आणि तिथून मालकाच्या गोदामात गेली होती. पाण्याची नळीही तिथूनच आली होती. गोदामाच्या भिंतीवर निळी पाटी होती. तिच्यावर इमारत, रस्ता, ब्लॉक सगळं लिहिलेलं होतं.

"वीज तिथली, पाणी तिथलं, मालक एकच," तो स्वतःशीच बोलला. "म्हणजे ही त्या इमारतीची खोली आहे. फक्त जरा बाहेर पडलेली."

चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला.

रावजी दुपारी आला तेव्हा पाऊस थांबला होता. केबिनमधून हसण्याचे आवाज येत होते, फळी कुठेच नव्हती, आणि आत एक सरकारी माणूस बूट काढून, नुसत्या मोज्यांनिशी बसून घावणे खात होता. "ह्या काय चल्लाहा?" तो धक्क्यावरून ओरडला.

"तुमी आदी फळी लावा," उल्का म्हणाली, "सायबाक ऑफिसात जावचा हा."

दहा दिवसांनी कार्ड आलं. बदरियाने ते खिडकीतून स्वतःच्या हाताने दिलं आणि पत्त्यावर बोट ठेवलं. इमारत, रस्ता, ब्लॉक तिन्ही चौकोन भरलेले होते. त्यांच्या शेजारी, खोलीचं नाव म्हणून, अरबीत एक शब्द लिहिला होता.

"क्या लिखा?" उल्काने विचारलं.

"बहर," बदरिया म्हणाली. "समुंदर. हसनने बोला, यही सच है."

त्याच आठवड्यात हेल्थ सेंटरमध्ये उल्काचं नाव लागलं. नर्सने पोटावर यंत्र ठेवून तिला बाळाचे ठोके ऐकवले. बाहेर बाकावर बसलेल्या रावजीला ती धावतच सांगायला गेली, आणि नर्स मागून ओरडली की धावू नको.

पुढच्या शुक्रवारी सकाळी धक्क्यावर एक पांढरी गाडी थांबली. इन्स्पेक्टर हसन उतरला, त्याच्या मागून बायको आणि तीन मुलं. बायकोच्या हातात खजुरांचा मोठा डबा होता. हसनने या वेळी रबरी चपला घातल्या होत्या.

"उल्का," फळीवर पाऊल ठेवायच्या आधी त्याने बदरियाकडून शिकून घेतलेल्या हिंदीत हाक मारली, "पीठ भिजवलंय का?"