तिसऱ्या वळणानंतर

“कान लांब ठेव, जीभ आखूड ठेव.”

आवाज सरांच्या जुन्या बँडमास्तरांचा. माणूस जाऊन जमाना झाला, आवाज काही गेला नाही. आयुष्यभर ट्रम्पेट फुंकून चिरकलेला, सकाळच्या गारठ्यात मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून येणारा. परीक्षकाच्या खुर्चीत बसलं की तो हटकून सरांच्या कानामागे येऊन उभा राहायचा. आणि खुर्ची अशी, की तिथे जीभ आखूड ठेवून भागतच नसे. एका हातात पेन, दुसऱ्या हातात छोटासा रेकॉर्डर. समोरून शाळेचा बँड चालत जाणार, आणि जे दिसेल ते सरांनी बोलत राहायचं. नंतर ते त्या शाळेच्या शिक्षकांना ऐकायला मिळणार.

“दुसरी ओळ, डावं टोक पुढे गेलं,” सर रेकॉर्डरला सांगत होते. “ट्रॉम्बोन, खांदे पाडू नका. वळण बरं. आतल्या मुलानं पाय जागच्या जागी ठेवला, शाबास. बाहेरच्यांनी मात्र धावत गाठलं, ते दिसलं. बेस ड्रम, पोट आत. ड्रमचं नाही, तुझं.”

शेजारी बसलेले सूरवाले परीक्षक गालात हसले. सर हसले नाहीत. सकाळपासून एकामागून एक बँड येत होते, नि प्रत्येक बँडचे पाय सरांच्या डोळ्यांवरून चालत जात होते. उन्हाने मैदान पांढरं पडलं होतं. पाठीचा मणका न् मणका आपापलं गाऱ्हाणं सांगत होता. कुणीतरी आणून ठेवलेला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

स्पर्धेला परीक्षक तीन. एक सूर ऐकणार, एक ड्रमचा ताल, आणि सरांच्या वाट्याला चाल. म्हणजे ओळी, अंतरं, वळणं. पोरं त्यांना पाठीमागे फूटपट्टी सर म्हणत, आणि हे सरांना ठाऊक आहे हे पोरांनाही ठाऊक होतं. “पँटीला इस्त्री नसली तर चालेल, ओळीला पाहिजे,” हे त्यांचं वाक्य शाळाशाळांतून फिरून जुनं झालं होतं. शिक्षकांना ते वर्षातून एकदा दिसायचे, पण सरावाच्या वेळी रोज आठवायचे.

पुढचा बँड मैदानाच्या तोंडाशी उभा राहत होता. तो बँड सरांच्या लेकीने शिकवलेला होता.

दरवर्षी हिची शाळा आली की सर खुर्चीतून उठायचे. तेवढ्यापुरता एक राखीव परीक्षक येऊन बसायचा. सर मंडपाच्या मागे, पाण्याच्या पिंपांपाशी, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. लोक म्हणायचे, सर, नियम उठायचा आहे, तोंड फिरवायचा नाही. पण सर फिरवायचे. पाठ फिरवता येते, कान कुठे फिरवता येतात? बुटांचा आवाज भिंतीवर आपटून परत यायचा, आणि सरांची बोटं नकळत मांडीवर त्याचा ठेका धरायची. बँड मैदानाबाहेर गेला की चेहरा पुसून ते परत खुर्चीत येऊन बसायचे.

लेक या शाळेत लागली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली होती. बापाचं नाव आहे, वशिल्याची भरती. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. त्या दिवशी सरांनी मनाशी ठरवलं, की हिच्या बँडबद्दल आपण अक्षर काढायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. उद्या तिला यश आलं तर त्यावर बापाच्या बोटांचे ठसे नकोत. सुरुवातीला गप्प बसणं जड गेलं. मग अंगवळणी पडलं. मग असं झालं, की बोलावंसं वाटलं तरी शब्द सापडेना. न वापरलेलं दार चौकटीत फुगून बसतं, तसं.

गेल्या रविवारी लेक घरी आली होती. जेवणं झाली, ती ओट्यापाशी ताटं पुसत उभी राहिली. घसा बसलेला, टाचांना भेगा. तिने सांगितलं, की मोठ्या बाई परीक्षा विभाग घेतेस का म्हणून विचारताहेत. पंख्याखालचं काम आहे, ओरडावं लागत नाही. बँड दुसऱ्या कुणाकडे जाईल, नाहीतर बंद होईल. स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं होतं.

मग ताट खाली ठेवून म्हणाली, “बाबा, तुम्ही सगळ्या जगाला सांगता. मला एकदा सांगा. मला हे जमतं की नाही? नाही म्हणालात तरी चालेल. खरंच चालेल.”

स्पर्धेच्या तोंडावर आपण बोलणं बरं दिसत नाही, असं काहीतरी सर पुटपुटले आणि चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेले. चष्मा डोळ्यांवरच होता.

“मुलखातल्या पोरांचे पाय मोजून झाले,” बायको भांड्यांना ऐकवत होती, म्हणजे सरांना. “घरच्या लेकीपुढे मात्र तोंडाला कुलूप. किल्ली कुठे ठेवलीय, तेही विसरले असतील.”

लेक हसली होती. ते हसू सरांना आठवडाभर पुरलं. झोपू देईना, असं पुरलं.

आणि आज राखीव परीक्षक तापाने अंथरुणावर. आयोजकांनी सगळ्या शिक्षकांना गोळा करून विचारलं, की सरांनीच लेकीचा बँड तपासला तर कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. सरांच्या फूटपट्टीवर संशय घेईल, असा माणूस त्या मैदानावर नव्हता. मिशाळ मास्तर म्हणून एक शिक्षक होते, ते तेवढं बोलले. “घरचाच पेपर आहे सर. सोपा काढू नका म्हणजे झालं.” सगळे हसले. लेकही हसली, आणि एका मुलाचा पट्टा सरळ करायला खाली वाकली.

ड्रम सुरू झाला.

सरांनी रेकॉर्डर तोंडाशी नेला. आवाज नेहमीचाच निघाला, याचं त्यांना नवल वाटलं. “पहिली ओळ सरळ. दुसरी सरळ. क्लॅरिनेटच्या मुली, हनुवटी वर. अंतर ठीक. पहिलं वळण स्वच्छ. चौथ्या ओळीत उजवं टोक किंचित मागे. दुसरं वळण. इथे सगळ्यांचाच पाय जरा अडखळला, मैदानात खळगा असेल. सावरलं.”

लेक मैदानाच्या कडेने बँडबरोबर चालत होती. हात मागे बांधलेले. ओठ मात्र हलत होते. लहानपणी झोपेत हलायचे तसे.

तिसरं वळण आलं. वळण घेता घेता मधल्या ओळीतल्या झांजवाल्या मुलीचा बूट टाचेतून निघाला.

चिमुरडी पोर होती. बूट अर्धा पायात, अर्धा मातीत. तिने झांज चुकवली नाही, पण पाय ओढायला लागली आणि हातभर मागे पडली. सरांना पुढचं ठाऊक होतं. आता ओळीत खड्डा पडणार, मागची ओळ तिच्या अंगावर येणार, पोर रडणार. सगळ्या मैदानांवर हे असंच होतं. त्यांनी रेकॉर्डरमध्ये बोलायला तोंड उघडलं.

तसं झालं नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या मुलांनी पाऊल आखूड केलं. मान वळवली नाही, डोळा हलवला नाही. मग त्यांच्या बाजूच्यांनी केलं. मग मागच्या ओळीने, मग त्याच्या मागच्या. वाऱ्याची झुळूक शेतातून जाताना एकेक कणीस लवत जावं, तसं ते सगळ्या बँडमधून मागपर्यंत गेलं. ड्रमचा ठोका केसभर हलला नाही. ताल तोच होता, पाऊल तेवढं लहान झालं होतं. पोरीने टाच दाबली, बूट आत गेला, ती ओळीत आली. आणि कुणी सांगितल्यासारखी सगळी पावलं पुन्हा लांब झाली.

पुढच्या ओळी मात्र एव्हाना पुढे गेल्या होत्या. मध्ये भलं मोठं अंतर पडलं होतं. ते भरून काढायला बँडला उरलेलं सगळं मैदान लागलं.

बँड बाहेर गेला. सूरवाल्यांनी कोपर लावलं तेव्हा सर भानावर आले. रेकॉर्डर अजून तोंडाशीच होता.

अंतर गेलं, त्याचे गुण कापायचे. नियमच होता तो, आणि सरांनी तो कित्येक पोरांना लावला होता. त्यांनी कापले. मग एकूण परिणामाचा रकाना आला, जिथे परीक्षकाच्या मनाला जागा असते. तिथे पेन थांबलं. मिशाळ मास्तर मंडपाच्या खांबाला टेकून पाणी पीत होते, ते इकडे बघतही नव्हते. सरांनी मधलाच एक आकडा टाकला. कुणाला खटकणार नाही, कुणाला आवडणार नाही, असा.

निकाल लागला तेव्हा लेकीची शाळा चौथी आली. तिसऱ्या क्रमांकावर मिशाळ मास्तरांची. फरक थोडाच होता.

संध्याकाळी परीक्षकांनी शिक्षकांना भेटायचं असतं. सरांना प्राथमिकची एक वर्गखोली दिली होती. बाक एवढे ठेंगणे, की गुडघे छातीला लागत. फळ्यावर कुणीतरी काढलेलं घर तसंच होतं, धुरांड्यातून धूर निघणारं. एकेक शिक्षक येऊन बसत होता. सरांची पद्धत ठरलेली, आधी फुंकर, मग सुई. आधी एक चांगलं सांगायचं, मग काय चुकलं ते. मिशाळ मास्तरांनाही त्यांनी ड्रमच्या ओळीचं कौतुक ऐकवलं, आणि ते मिशीवरून हात फिरवत गेले.

सगळ्यांत शेवटी लेक आली.

“सर, येऊ?”

मैदानावर ती त्यांना सरच म्हणायची. समोरच्या बाकावर बसली. मैदानाची पांढरी धूळ पापण्यांवर होती. सरांनी सुरुवात केली. चौथ्या ओळीचं उजवं टोक सांगितलं. क्लॅरिनेटच्या हनुवट्या सांगितल्या. दुसऱ्या वळणाचं सांगितलं, आणि तिथे खळगा आहे हेही. ती मान हलवत होती. फुंकर घालायची राहून गेली, हे सरांना अर्ध्यात कळलं, पण तेव्हा सुई हातात होती.

बोलायचं संपलं. बाहेर शिपाई खुर्च्या एकात एक अडकवत होता, त्याचा आवाज येत होता.

“तुमचं रेकॉर्डिंग मधेच बंद पडलंय,” लेक म्हणाली. “तिसऱ्या वळणानंतर काहीच नाही. ड्रम ऐकू येतोय, बूट ऐकू येताहेत, तुमचा आवाज नाही. शेवटपर्यंत नाही. इतकं वाईट होतं का?”

“बंद नाही पडलं.”

“मग?”

सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. “त्या झांजवाल्या पोरीचा बूट निघाला.”

“हो. मोठ्या बहिणीचे बूट आहेत तिचे, पुढे कागद कोंबलाय. अंतर गेलं ते दिसलं मला. गुण कापले ते बरोबर आहे.”

“खूण कुणी केली पोरांना?”

“कुणी नाही.”

“मग कळलं कसं सगळ्यांना?”

लेक थोडी गोंधळली. एवढ्या साध्या गोष्टीला काय उत्तर द्यायचं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग तिने सांगितलं, की ती सरावात माप दोरीने आखत नाही. रोज एका मुलाची पाळी असते. त्या दिवशी त्याच्या पावलाएवढं सगळ्यांनी पाऊल टाकायचं. बुटक्याची पाळी असली की उंच पोरं कुरकुरतात, उंचाची असली की बुटकी धापा टाकतात. आठवड्यातून एकदा त्या झांजवालीचीही येते. “म्हणून एकमेकांची पावलं त्यांना पाठ असतात, सर. बघावी लागत नाहीत. ओळ त्यामुळे कधी कधी वाकडी होते, ते मान्य आहे.”

 सरांच्या घरी माळ्यावर गाठी मारलेली एक दोरी होती, पाऊलभर अंतरावर एकेक गाठ. तिच्यावर त्यांनी हयातभर पोरं चालवली होती. 

लेकीने थोडं थांबून पाहिलं. मग ती उठली, बाक आवाज न करता आत सरकवला. “येते मी. पोरं गाडीत बसलीत, उपाशी आहेत.” दारापाशी पोचून, पाठमोरीच, आता सर न म्हणता म्हणाली, “बाबा, उद्या मी मोठ्या बाईंना हो म्हणणार आहे. परीक्षा विभागाला. आईला सांगा.”

“थांब.”

ती थांबली.

सर उठायला गेले. गुडघे बाकाखाली अडकले, तसेच परत बसले. एवढ्याशा बाकावर एवढा मोठा माणूस, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा.

“गुण मी बदलणार नाही,” ते म्हणाले.

“नकाच बदलू.”

“मी आयुष्यभर ओळी बघतोय. पडलेल्याला सोडून पुढे गेलेल्या ओळी बघितल्या. त्याच्यापायी मोडलेल्या बघितल्या. अशी नव्हती बघितली. म्हणून बोलणं सुचलं नाही.”

दारातली पाठ हलली नाही. सरांचा आवाज चिरकला, त्यांनी खाकरून तो सरळ करायचा प्रयत्न केला, आणि मग तो तसाच जाऊ दिला.

“तुला जमतं, पोरी. पहिल्या वर्षापासून जमतं. माझ्यापेक्षा बरं जमतं.”