‘होय’चं बटण

कोंडीरामने त्या कागदावर सही करू नये, एवढंच सांगायला ऋचा तळवड्याच्या ऑफिसातून दिघीला त्याच्या घरी आली होती. ऑफिसात तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिलाच घरी बसवलं असतं.

चाकणच्या कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या स्क्रीनवर काय दिसावं, ते ऋचाने ठरवलं होतं. सुरुवातीला तिथे एकच चौकट उगवायची. कामगार तिला बॉक्स म्हणत. अडकलेला पत्रा काढला की प्रेस विचारायची, ‘दोन्ही हात बाहेर आहेत का?’ ‘होय’ दाबल्याशिवाय पुढचं काही हलायचं नाही. माणूस थांबायचा, बघायचा, मग दाबायचा. सोय चांगली होती, त्यात वाद नाही. पण चांगल्या गोष्टीची माती करायला साहेब लोक असतातच. क्वालिटीवाल्यांना आपली चौकट हवी झाली, मेंटेनन्सवाल्यांना आपली. तेल पाहिलं का, नग मोजले का, भंगार काढलं का. ऋचाने सगळ्यांच्या म्हणण्याला मान डोलावली आणि साऱ्या चौकटी एकाच रंगात, एकाच जागी नेटक्या बसवून दिल्या. एका शिफ्टला चारशे वेळा ‘होय’. रोज मरे त्याला कोण रडे?

मार्चमध्ये ती पाहणीला गेली, तेव्हा प्रेसवर काम करणाऱ्या कोंडीरामचं बोट चौकट उगवायच्या आधीच ‘होय’च्या जागेवर जाऊन टेकत होतं. "याचा त्रास होतो का?" तिने विचारलं. शेजारी सुपरवायझर उभा. "न्हाई मॅडम, लई चांगलं हाय," कोंडीराम म्हणाला. साहेबासमोर कुठला कामगार तक्रार करतो? आणि या शहाणीने अहवालात लिहिलं, ऑपरेटर छान सरावले आहेत. त्या वाक्याची आता तिलाच किळस येत होती.

काही दिवसांनी, आत हात दिसताच प्रेस थांबवणारा सेन्सर बिघडला. बॉक्स विचारतोय ना, मग चालू द्या, म्हणत साहेबांनी आठवडाभर काम तसंच रेटलं. एका दुपारी पत्रा अडकला. कोंडीरामचा उजवा हात आत होता आणि डाव्या हाताने सवयीनं ‘होय’ दाबलं. चार बोटं गेली.

आता कंपनीचा कागद आला होता. ‘सूचना वाचून व समजून मी होय दाबले.’ सही झाली की चूक त्याची, नोकरी गेली, विषय मिटला.

कोंडीराम कॉटवर बसला होता, बँडेजचा हात उशीवर. त्याच्या बायकोने, सोजरबाईने, चहा आणून ठेवला.

"दादा, मशीनमध्ये नोंद आहे," ऋचा म्हणाली. "चौकट आली आणि पाव सेकंदात तुम्ही दाबलंत. तेवढ्यात कुणीच वाचू शकत नाही. मी चौकशीत तसं सांगणार आहे. चूक माझी आहे, तुमची नाही."

"आन मग तुमच्या नोकरीचं?" सोजरबाईने विचारलं.

"व्हायचं ते होईल."

कोंडीराम खाली बघत म्हणाला, "मॅडम, येक इचारू का? लाज वाटती. त्या टायमाला बॉक्समदी लिव्हलं काय व्हतं?"

ऋचाला थाप मारता आली असती. तेलाचं होतं म्हणाली असती, तर त्याने मानलंही असतं. पण आजवर त्याला खरं कुणीच विचारलं नव्हतं, निदान सांगावं तरी खरं, असं तिला वाटलं.

"दोन्ही हात बाहेर आहेत का, असं."

त्याने ते शब्द ओठातल्या ओठात म्हणून पाहिले.

"आसं व्हतं व्हय," तो म्हणाला. "मंग त्येनं तर नीट इचारलं की. मीच खोटं बोललो."

"तसं नाही दादा, ऐका…"

"इचारल्यावर बघून सांगाया पायजे मानसानं. सोजर, पेन दे."

सोजरबाई ऋचाकडे बघत राहिली, ही अजून काही बोलेल म्हणून. ऋचाने पुन्हा पाव सेकंदाचं सांगितलं, सेन्सरचं सांगितलं. कोंडीराम मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. शेवटी सोजरबाईने पेन दिलं, हलू नये म्हणून कागद दोन्ही हातांनी दाबून धरला, आणि कोंडीरामने डाव्या हाताने सावकाश सही केली.